सहा गुंठे क्षारपड आणि कोथिंबिरीची जुडी

बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली की आत्या तिच्याकडे बघायच्या आणि काही न बोलता निवडायला घ्यायच्या. (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात.) घरामागं सहा गुंठे रान, बोअरला पाणी, आणि जुडी मात्र विकतची. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला फार त्रास व्हायचा.

आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णाकाठी. मामंजी सांगायचे की याच तुकड्यात ऊस माणसाच्या डोक्यावर जायचा. मग लिफ्टचं, म्हणजे नदीतून पंपानं उचललेलं, पाणी आलं, बारमाही पाट वाहायला लागले, निचऱ्याकडे कुणी बघितलं नाही आणि जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं. पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं मीठही वर येतं. पाणी उन्हानं उडून जातं, मीठ तिथंच राहतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या रानात हरळी आणि घोळ होती, आणि फाल्गुन-चैत्रात पांढरी फूट. बाकी काही नाही.

या रानात मला हिरवा मसाला करायचा होता. कोथिंबीर, शेपू, पुदिना, गवती चहा, थोडी तुळस. त्याला दोन वर्षं लागली. सुरुवात करताना मला जे एका ठिकाणी सापडलं नाही ते इथं क्रमानं लिहिते आहे, आकड्यांसकट.

१४ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी मुहूर्त म्हणून दोन वाफ्यांत धने टाकले. माती नीट कुदळली होती, शेणखत घातलं होतं, बोअरचं पाणी वेळेवर देत होते. बाराव्या दिवशी कोंब दिसले तेही तुरळक, टक्कल पडल्यासारखे. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफा रिकामा झाला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगं, मीठ फुटलेल्या रानात कुठं कोथमीर येती व्हय?" त्या रात्री मी यांना म्हटलं, की येत नाही हे कळलं, आता का येत नाही ते बघूया.

डिसेंबरात माती तपासायला दिली. नमुना कसा घ्यायचा ते नीट सांगते, कारण इथंच चूक झाली तर पुढचं सगळं वाकडं जातं. नेहमी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा घेऊन वरच्या वीतभर थराची माती घेतात. क्षारपड, म्हणजे असं मीठ चढलेल्या, रानात तेवढं पुरत नाही, थर वेगळे लागतात. मी ०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने घेतले, रानात पाच ठिकाणी खणून. एकेका थराची माती घमेल्यात एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, असं करत करत अर्धा किलो उरवली. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही. खताच्या जुन्या पोत्यात भरायची नाही, नवी कापडी पिशवी घ्यायची. सोबत सातबारा, आधारची प्रत आणि गट नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि बोअरचं पाणी एका धुतलेल्या बाटलीत, तेही तपासायचंच. लोक माती तपासतात आणि पाणी विसरतात. मीही विसरले होते, दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन परत गेले. चार नमुन्यांचे ७८० रुपये झाले.

अहवाल आठ दिवसांत म्हणाले होते, बावीस दिवस लागले. दोन वेळा फेरी वाया गेली. तुम्हीही तयारी ठेवा आणि पावती जपून ठेवा. माझी पावती नसती तर तो नमुना कुणाचा हेही सापडलं नसतं.

अहवालात वरच्या थराची क्षारता, म्हणजे मिठाचं मोजमाप, २.४ होती, मधल्याची १.६, खालच्याची १.९. सामू (पीएच) ८.३. पाण्याची क्षारता ३.१. घरी येऊन मी पुस्तकात बघितलं तर क्षारयुक्त जमीन म्हणजे ४ च्या वर. मला वाटलं, आपली तर बरीच कमी आहे! दोन दिवस मी त्याच आनंदात होते. मग कळलं की दोन मोजमापं वेगळी असतात. पुस्तकातला ४ हा आकडा माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा. आपल्या अहवालात बहुतेक वेळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजलेलं असतं, म्हणजे मीठ जास्त पाण्यात पातळ झालेलं. काळ्या चिकण जमिनीत अर्काचा आकडा सहज तिपटीवर जातो. म्हणजे माझं रान ४ च्या खाली नव्हतं, ७ च्या आसपास होतं. अहवाल हातात आला की सगळ्यात आधी विचारा, "हे कुठल्या प्रमाणात मोजलंय?"

दुसरी गोष्ट सामूची. सामू ८.५ च्या खाली आणि क्षारता जास्त, तर जमीन क्षारयुक्त. तिला जिप्सम लागत नाही, तिला गोडं पाणी आणि निचरा लागतो. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम मातीच्या कणांना चिकटलेलं, तर चोपण. तिथं जिप्सम लागतं. आमच्या रानाचा खालचा कोपरा मला वेगळा वाटायचा, वाळला की दगड आणि ओला झाला की चिखल पायाला सोडत नाही. त्या कोपऱ्यातलं एक ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या साठवलेल्या पाण्यात ठेवलं. तासाभरात पाणी गढूळ झालं आणि गढूळच राहिलं. वरच्या बाजूचं ढेकूळ मात्र विरघळून खाली बसलं आणि पाणी निवळलं. ही तपासणी फुकट आहे, घरी करता येते. नंतर त्या कोपऱ्याचा वेगळा नमुना दिला, सामू ८.९ आला.

क्षारपड जमिनीवर काम करणारं कृषी संशोधन केंद्र आमच्याच तालुक्यात कसबे डिग्रजला आहे. जानेवारीत तिथं गेले. मी विचारायला गेले होते की कोणतं रोप लावू, आणि परत आले ते निचरा हा शब्द घेऊन. आधी पाणी बाहेर जायला वाट, मग बाकीचं. शेजारच्या शिरोळ तालुक्यात तर दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली. आमच्या सहा गुंठ्यांना पाइपचा खर्च झेपणारा नव्हता. दोन बाजूंनी साडेतीन फूट खोल उघडा चर काढायचा आणि तो गावाच्या सामुदायिक चराला जोडायचा असं ठरलं.

इथून कागदांचा काळ सुरू झाला. चर सामुदायिक चराला मिळायच्या आधी चुलत सासऱ्यांच्या बांधालगत जातो आणि पुढं गाडीवाट ओलांडतो. बांधासाठी त्यांची संमती, गाडीवाटेखाली सिमेंटचा पाइप टाकायला ग्रामपंचायतीचा ठराव. चुलत सासरे नाही म्हणाले. मला राग आला होता, पण आत्या त्यांच्याकडे जाऊन बसल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "त्यास्नी भ्या वाटतंय, तुमचं मीठ त्यांच्या रानात उतरंल म्हणून." भीती अगदी खरी होती. मग यांनी चराची पातळी दोरी आणि पाणपातळीनं मोजून त्यांना दाखवली, चराचा तळ त्यांच्या रानापेक्षा तीन फूट खाली राहणार होता. त्यांच्याही रानाचं पाणी त्यात उतरेल हे दिसल्यावर ते तयार झाले. १०० रुपयांच्या मुद्रांकावर संमतीपत्र झालं, नोटरीचे १५०. संमती तोंडी घेऊ नका, नात्यात तर मुळीच नको. पुढची पिढी वेगळी असते.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला २९ जानेवारीला. सोबत सातबारा, आठ-अ, गट नकाशा आणि संमतीपत्र. फेब्रुवारीच्या मासिक सभेला कोरम झाला नाही. १२ मार्चच्या सभेत ठराव झाला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. चार दिवस इकडचे तिकडे झाले असते तर आमचा पावसाळा हातचा गेला असता. निवडणुकीचं वर्ष असेल तर अर्ज दिवाळीलाच द्या.

एप्रिलमध्ये जेसीबी आला. पाच तास, तासाला १,३००. साडेतीन फुटांवर गेल्यावर चराच्या कडेतून पाणी पाझरायला लागलं. भर उन्हाळ्यात, वर माती फुटलेली आणि खाली पाणी! मी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. मचूळ, जवळजवळ खारट. दोन दिवसांत त्या चरातून संथ धार लागली ती थेट पावसापर्यंत. इतकी वर्षं हे पाणी आमच्या रानाच्या पोटात बसलेलं होतं. मी त्या धारेकडे बघत बराच वेळ बांधावर बसून राहिले.

खालच्या दीड गुंठ्यात दोन पोती जिप्सम शेणखताबरोबर वीतभर खोल मिसळलं (६०० रुपये). जिप्सम वरवर टाकून उपयोग नाही, मातीत मिसळून वर पाणी लागतं. मृगात सगळ्या रानात ढेंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरला, ४ किलो बी, ३६० रुपये. चारी बाजूंनी छोटे बांध घातले, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता जागेवर मुरेल आणि मीठ घेऊन चरात उतरेल. पावसाच्या पाण्यात मीठ नसतं, त्यापेक्षा चांगलं औषध नाही आणि ते विकत मिळत नाही. ढेंचा पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर यायच्या आत, गाडला.

आता घोळीविषयी. ही सगळी खटपट मी ज्या कल्पनेनं सुरू केली ती अशी, की घोळ, चंदनबटवा (चाकवतासारखीच एक पालेभाजी), चाकवत, बीट ही झाडं मीठ सोसतात, मीठ पितात, म्हणून ती कोथिंबिरीच्या शेजारी लावली की जमिनीतलं मीठ ओढून घेतील. यातलं मीठ सोसतात हे अगदी खरं आहे. अर्काच्या मोजमापानं बीट ४ पर्यंत आणि घोळ ६ पर्यंत उत्पन्न न घटता तग धरते. मीठ पितात हेही खरं. पण किती? एका रविवारी मी वही घेऊन बसले. ताज्या घोळीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शंभर किलो घोळ कापून रानाबाहेर नेली, तर तिच्याबरोबर सगळे क्षार मिळून जेमतेम किलो-दीड किलो जातात, आणि त्यातही बराच पोटॅश. आणि बोअरचं पाणी? ३.१ क्षारतेच्या एक लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम मीठ. हजार लिटरला दोन किलो. सहा गुंठ्यांना एक बऱ्यापैकी पाणी म्हणजे तीस हजार लिटर, म्हणजे साठ किलो मीठ. मी दर पाण्याला एक पोतं भरून मीठ रानात टाकत होते आणि घोळीनं ते चमच्यानं काढावं अशी अपेक्षा करत होते.

तो आकडा लिहिल्यावर मला रडू आलं होतं. पण त्यातूनच पुढचं ठरलं. बोअर बंद. लिफ्टच्या संस्थेची नदीच्या पाण्याची पाळी पंधरा दिवसांनी येते, ते पाणी साठवायला दोन हजार लिटरची टाकी (११,००० रुपये), आणि त्यावर ठिबक (५,२०० रुपये). टाकी एकदाच भरून पुरत नाही, म्हणून पाळीच्या दिवशी पाटानं भरपूर भिजवायचं आणि मधल्या दिवसांत टाकीतून थोडं थोडं.

मग घोळ कशाला, असं वाटेल. घोळ झाकणासाठी. उघडी जमीन तापते, पाणी वर ओढते, मीठ पृष्ठभागावर आणून ठेवते. घोळ जमिनीला अंगाला अंग लावून पसरते, माती सावलीत राहते, पांढरी फूट येत नाही. कोथिंबिरीचं बी रुजताना सगळ्यात नाजूक असतं आणि मीठ नेमकं तेव्हाच वरच्या दोन बोटांत असतं. तिथं शेजारच्या झाडाची सावली ही खरी मदत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक ट्रॉली शेणखत (४,००० रुपये) घालून सऱ्या पाडल्या. इथं एक गोष्ट कुणीतरी मला पहिल्याच वर्षी सांगायला हवी होती: क्षारपड रानात बी वरंब्याच्या डोक्यावर लावायचं नाही. पाणी सरीतून वरंब्यात चढतं आणि डोक्यावर उडून जातं, त्यामुळे सगळं मीठ माथ्यावर गोळा होतं. बी वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावायचं. आणि माथ्यावर कोण? घोळ आणि चंदनबटवा. ज्यांना चालतं त्यांना तिथं बसवायचं. बांधाच्या बाजूनं गवती चहा आणि वाळा, उरलेल्या सरीत उसाचं पाचट.

धने पायाखाली नाही, पाटीवर हलक्या हातानं रगडून दोन फाके केले, रात्रभर नदीच्या पाण्यात भिजवले आणि ५ नोव्हेंबरला टोकले. नवव्या दिवशी कोंब आले. या वेळी ओळ दिसत होती, मधे दोन-चार ठिकाणी खंड, पण ओळ! आत्यांना हात धरून दाखवायला नेलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. घोळ भराभर वाढते. तिसऱ्या आठवड्यात तिनं खालच्या तीन ओळी झाकून टाकल्या आणि तिथली कोथिंबीर पिवळी पडली. तेव्हापासून दर दहा-बारा दिवसांनी घोळ कापते आणि कापलेली रानाबाहेर नेते. तिथंच कुजवली तर तिचं मीठ परत मातीत. तिची भाजी करतो, डाळ घालून, आणि मीठ नेहमीपेक्षा कमी लागतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ती जपून खावी, तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. शेळ्यांनाही नुसती घोळ पोटभर घालू नका. चाकवत कोथिंबिरीशेजारी उंच होऊन ऊन अडवतो, तो मी पुढं शेपूजवळ हलवला, शेपू स्वतःच उंच असल्यानं तिथं जमलं. बीट बी असताना मिठाला घाबरतं, मोठं झाल्यावर नाही. म्हणून त्याची रोपं ट्रेमध्ये करून लावली. पुदिना मात्र जमिनीत दोनदा गेला. शेवटी तो नदीची माती भरलेल्या जुन्या टबात लावला आणि तिथं सुखात आहे. प्रत्येक झाडाला जमिनीतच वाढवायचा हट्ट धरू नये असं माझं मत झालं आहे.

पहिली जुडी १८ डिसेंबर २०२४ ला निघाली. तीन बोटांत मावेल एवढी. आत्यांनी तीही निवडली, एक काडी वाया न घालवता, आणि आमटीवर घातली.

मे २०२५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल, किती लवकर आला तो. मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन हलक्या सरी पडल्या. पाऊस आला म्हणून मी ठिबक बंद केलं आणि चार दिवसांत शेपूच्या दोन ओळी माना टाकून बसल्या. ठिबकानं मीठ ओलाव्याच्या कडेला ढकललेलं असतं. हलकी सर ते धुऊन खाली नेत नाही, फक्त पुन्हा मुळांपाशी आणून सोडते. पहिल्या हलक्या सरींत ठिबक चालूच ठेवायचं, जमीन खोल भिजेपर्यंत. हे शिकायला मला दोन ओळी शेपू द्यावा लागला, तुम्हाला लागू नये.

त्या पावसाळ्यात पुन्हा ढेंचा, पुन्हा बांध घालून पाणी मुरवणं, आणि आधी चरातला गाळ काढणं. उघडा चर दरवर्षी काढावा लागतो, नाहीतर एका हंगामात बुजतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा माती दिली, त्याच जागी, त्याच प्रमाणात मोजायला सांगून. वरचा थर २.४ वरून १.१. चोपण कोपरा अजून ८.६ सामूवर आहे. तिथं यंदा फक्त घोळ आणि वाळा ठेवला आहे, आणखी एक पोतं जिप्सम घालून. दुसरी तपासणी सोडून एकूण खर्च २८,६९० रुपये झाला. त्यातला सगळ्यात मोठा टाकीचा. सगळ्यात उपयोगी चराचा, असं मला वाटतं.

कोकणात खारजमिनीवर असं काही करायचं असेल तर माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. तिथं मीठ भरतीच्या पाण्यातून येतं, बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) आधी बघावी लागते, आणि पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा. मोरस ही मीठ सोसणारी वनस्पती तिथं आपोआप उगवते, तिची भाजीही करतात.

या पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, पुन्हा धने टोकले. परवा चुलत सासरे बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सूनबाई, चंदनबटव्याचं बी शिल्लक हाय का थोडं?" कागदाच्या पुडीत बांधून दिलं, आणि वरंब्याच्या माथ्यावर टाका म्हणून सांगितलं.